शेवटच्या प्रकरणाचं शुद्धिपत्र

नाही मावशी, अकरा वर्षांपूर्वी नाही म्हणालो होतो आणि आजही नाहीच म्हणतो. तो मुकुट मी घेतला नव्हता. तू तेव्हा म्हणालीस, "गोष्ट आहे रे ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं." मी म्हटलं, "मी नाही, लोकांनी लावून घेतलंय. त्यांना सांग." तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी झाली, तू आत गेलीस, आणि मी वाट बघून बघून शेवटी दुबईला गेलो. आपलं भांडण तिथेच पडलंय. आता कुकर उतरव आणि बस. आज तुला उठून जाता येणार नाही, अंगावर शाल आहे.

असो. आधी रीत पाळतो.

आजच्या गौरव समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर इनास. व्यासपीठावर बसलेले प्रकाशक आणि मुद्रक श्री. जयवंत पेडणेकर, म्हणजे आपले जयवंतकाका. सत्कारमूर्ती, अठ्ठावीस कादंबऱ्यांच्या लेखिका आणि माझ्या सख्ख्या मावशी श्रीमती जोसेफीन मिरांडा. सण समितीचे आजी-माजी सभासद. पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेल्या माझ्या आंट्या. आणि मागे दाराशी उभं राहून समोसे कधी येतात याच्यावर लक्ष ठेवणारे माझे गावठाणातले मित्र. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी ॲश्टन. बँडवाल्या फ्रेडीचा मुलगा. सध्या पोलंडमध्ये अळंब्या काढतो. आधी दुबई, मग मस्कत, मग एक बोट, मग परत दुबई. एका जागी टिकत नाही अशी माझी ख्याती आहे. का टिकत नाही ते पुढे येईल. हे भाषण मी लिहिलंय आणि वाचतेय माझी मोठी बहीण ॲमांडा. परवा फोनवर ती म्हणाली, "हे मी नाही वाचणार हां, ॲश. तुझं काय, तू तिकडे. मला याच लोकांत राहायचंय." मी म्हटलं, "तुझ्या पोरासाठी वाच." तर ती वाचतेय. ज्याला राग येईल त्याने माझ्यावर काढावा. ती बिचारी फक्त माइक आहे.

पोरासाठी म्हणजे काय, तेही सांगतो, म्हणजे कोणी अंधारात राहायला नको. येत्या रविवारी ॲमांडाच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. तिने गॉडफादर म्हणून माझं नाव दिलं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "ज्याने मदर मेरीच्या डोक्यावरचा मुकुट काढला, त्याच्या हातात आमचं बाळ?" सासूबाई इथे बसल्या आहेत, दुसऱ्या रांगेत असतील. नमस्कार, आंटी. मी तिकीट काढलंय, शनिवारी उतरतो. रविवारी बाळ माझ्या हातात असेल की मी मागच्या बाकावर पाहुण्यासारखा बसेन, हे आज एका वाक्यावर ठरायचं आहे. आणि ते वाक्य माझ्याकडे नाही. ते मावशीकडे आहे.

घाबरू नका. सत्कार आहे, सत्कारच करणार आहे.

फादर इनास, आपण या चर्चमध्ये चार वर्षांपूर्वी आलात. आपल्याला हिचं काम जवळून बघता आलं नाही. मी बघितलंय, म्हणून सांगतो. चाळीस वर्षं ही बाई वेदीवर फुलं लावून, सकाळच्या मिस्साहून घरी आली, की डोक्यावरची ओढणी न काढता जेवणाच्या टेबलाशी बसायची. चर्चमधले जुने प्रार्थनापत्रकांचे गठ्ठे घरी आणायची आणि कोऱ्या बाजूवर लिहायची. अकरा वाजेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. मासेवाली दाराशी आली तर बोटांनी भाव करायचा. नवरा गेला त्याच्या चौथ्या दिवशी ही टेबलाशी होती. लोक म्हणाले, केवढी निष्ठा. मी म्हणतो, खरंच निष्ठा. फक्त कशावर, ते विचारू नये.

आणि कादंबऱ्या तरी कशा! प्रेम आहे, खून आहे, देवही आहे. नायक दुसऱ्या प्रकरणाच्या आत एकदा तरी मिस्साला दिसलाच पाहिजे, नाहीतर वाचक त्याच्यावर जीव टाकणार नाहीत. चुंबन कपाळावर, तेही साखरपुड्यानंतर. रविवारी खून नाही. उपासाच्या चाळीस दिवसांत तर अजिबात नाही, त्या महिन्यांत फक्त निनावी पत्रं. नायिका बेशुद्ध पडणार, पण एकदाच. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुठलं ना कुठलं दार उघडणार. आपल्या 'सांजघंटा' मासिकात हे दर महिन्याला छापून यायचं आणि पहिल्या रविवारी चर्चबाहेर त्याच्यावर झुंबड उडायची. काही लोक फादरांचं प्रवचन चालू असतानाच प्रार्थनेच्या पुस्तकात घालून वाचायचे. मी नावं घेत नाही. पंख्याखाली बसल्या आहेत.

मावशीचा एक नियम होता. करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. नायिकेला कपाटात कोंडायचं असेल तर मावशी स्वतः कपाटात बसणार. विष कडू लागतं की गोड, हे लिहायला तिने कडुनिंबापासून उंदरांच्या गोळीपर्यंत सगळ्याचा वास घेऊन पाहिला. आणि जे स्वतःला जमत नाही ते घरच्यांकडून करून घ्यायचं. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा तिची नायिका गोराईच्या खाडीत पडली. डिसेंबर होता. मावशीने मला गळ्यापर्यंत पाण्यात उतरवलं आणि स्वतः घड्याळ घेऊन काठावर उभी राहिली. मी म्हटलं, "मावशी, थंडी वाजतेय." ती म्हणाली, "अजून एक मिनिट, बाळा. ओठ निळे व्हायला हवेत." ते झाले. सोळाव्या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणात, तिसऱ्या परिच्छेदात ते ओठ आहेत, फार सुंदर उतरलेत. नंतर आठ दिवस ताप आला, तो कादंबरीत नाही.

अशी लेखिका. टाळ्या वाजवा, ॲमांडा थांबेल.

आता ती गाजलेली चिठ्ठ्यांची पेटी. शेवटच्या प्रकरणाच्या आधी एक महिना चर्चच्या दाराशी पत्र्याची पेटी ठेवायचे. वाचकांनी चिठ्ठीवर लिहायचं, गुन्हेगार कोण. बरोबर ओळखणाऱ्याला नाताळचा केक. हा बेत मावशीचा. पण केक फारसा कुणाला मिळाला नाही, कारण मावशी त्या चिठ्ठ्या घरी नेऊन मोजायची, आणि ज्याचं नाव जास्त यायचं त्याला निर्दोष सोडायची. हे मी गुपित फोडत नाहीये. घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला गंमत वाटायची. कागदावरची माणसं, त्यांचं काय जातंय, असं.

मग आली एकोणिसावी कादंबरी, 'वेदीमागची सावली'. जानेवारीत सुरू झाली. विषय काय, तर चर्चमधल्या मूर्तीचा मुकुट चोरीला जाणार. आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी खरोखरच आपल्या चर्चमधल्या मदर मेरीच्या डोक्यावर मुकुट नव्हता! काचेचं मखर बंद, कुलूप जागेवर, मुकुट नाही. गावठाणातल्या लोकांनी तोंडावर हात ठेवले. जोसेफीनबाईंनी आधीच लिहिलं होतं! पोलीस येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. पण आपल्या लोकांना पोलीस कशाला हवेत? त्यांनी ठरवलं, ज्या बाईला चोरी आधी कळली, तिला चोरही ठाऊक असणार. डिसेंबरचा अंक येऊ दे, शेवटच्या प्रकरणात नाव येईलच.

हसू नका. तुम्हीच होतात ते.

डिसेंबरचा पहिला रविवार. अंक आला. चोर कोण निघाला? गावातल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा सोळा वर्षांचा ॲशली. मुकुट कुठे लपवला होता? बापाच्या मोठ्या ढोलात. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, पप्पांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो, आणि माझं नाव ॲश्टन. मिस्सा संपल्यावर वीस मिनिटांत सण समितीचे सहा जण आमच्या अंगणात होते. पप्पा म्हणत होते, "अरे, आज संध्याकाळी लग्न आहे, ढोल लागणार आहे." त्यातल्या एकाने मासे कापायच्या सुरीने कातडं उभं फाडलं. आत काय निघालं? धूळ, आणि एक मोडकी काडी. कुणीतरी म्हणालं, "हलवला असेल." बस, झाला निकाल. त्या संध्याकाळचं लग्न गेलं, मग नाताळची गेली, मग पुढच्या वर्षीची. चोरांचा बँड कोण बोलावणार, यार?

पप्पांनी मला त्याच अंकाची गुंडाळी करून मारलं. माझ्या बापाने. ते कधी माझ्या अंगाला हात लावायचे नाहीत. "छापून आलंय," एवढंच म्हणत होते, "छापून आलंय." मी दहावीला होतो. वर्गात पोरं ढोल वाजवल्यासारखी बाकं वाजवायची. मी परीक्षेला बसलोच नाही. पप्पा आता एका टॉवरच्या गेटवर बसतात आणि त्या ढोलात आमच्या घरी कांदे-बटाटे ठेवतात. आज ते हॉलमध्ये असले तर शेवटच्या रांगेत असतील. पप्पा, मागच्या नाताळला फोन केला तेव्हा तुम्ही दोन मिनिटं बोललात. मला ती दोन मिनिटं पाठ आहेत.

मी मावशीकडे गेलो ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी. म्हटलं, "तो मी नाही ना?" ती म्हणाली, "वेडा आहेस का? तो ॲशली." म्हटलं, "मग पुढच्या अंकात तेवढं लिही." त्यावर ती जे बोलली ते मी तीन देशांत बरोबर घेऊन फिरलोय. म्हणाली, "लेखकाने शेवट करायचा असतो, बाळा. खुलासे द्यायला लागला तर त्याची पुस्तकं कोण वाचेल?" आणि मग कुकर.

आता गंमत ऐका. ज्या कादंबरीपायी मी मार खाल्ला ती मी वाचलीच नव्हती. गेल्या महिन्यात जयवंतकाकांनी त्याच कादंबरीसाठी फोन केला. "गौरव आवृत्ती काढतंय, चार शब्द लिहिशील काय रे?" आणि फोनवर अख्खी कादंबरी पाठवून दिली. इथे अळंब्यांच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. बारा दिवसांत वाचून काढली. चांगली आहे. मी अख्ख्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणाआधी दोनदा येतो. एकदा ट्रम्पेट वाजवतो, एकदा पाणी मागतो.

पण सप्टेंबरच्या प्रकरणात एक जागा आहे. चोर मुकुट हातात घेऊन उलटा करतो. आत निळी मखमल, मखमल एका बाजूला उसवलेली म्हणून तिला लाल दोऱ्याचे सात टाके घातलेले, आणि मुकुट डोक्यावर घट्ट बसावा म्हणून मखमलीखाली सरकवलेला जुना भोकाचा पैसा, बोटाला गार लागणारा. डबा बाजूला ठेवून मी ती जागा पुन्हा वाचली.

दोन वर्षांपूर्वी वाळवीचं औषध मारताना जुन्या कन्फेशनच्या खोक्यात, बसायच्या फळीखाली, मुकुट सापडला. तुम्ही सगळ्यांनी त्याचे फोटो फिरवलेत. मलाही आला, खाली लिहिलं होतं, "तुझा माल मिळाला." उलट्या धरलेल्या मुकुटाचा तो फोटो मी परत काढून मोठा करून पाहिला. निळी मखमल. भोकाचा पैसा. लाल दोरा. टाके मोजले. सात.

साठ वर्षं तो मुकुट मूर्तीच्या डोक्यावरून उतरला नव्हता. आतली बाजू फक्त त्यालाच दिसणार, ज्याने तो हातात घेतला. कादंबरी तुम्ही वाचली होती. फोटो तुम्ही पाहिला होता. दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितलं नाही, कारण चोर तुम्हाला आधीच मिळाला होता.

करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. वेदीची फुलं कोण लावायचं? मखराची किल्ली फुलं लावणारीकडेच असायची ना, मावशी?

मी जयवंतकाकांना फोन लावला. त्यांनी आधी मागे चाललेलं मशीन बंद करायला लावलं. मग म्हणाले, "माका ठाऊक होतां रे. पण मी छापणारो, लिवणारो नाय." त्यांनी सांगितलं ते असं. शेवटचं प्रकरण आधी वेगळंच जुळवून तयार होतं. त्यात चोर निघते मार्था, वेदीवर फुलं लावणारी विधवा बाई. एक रात्र बघायला म्हणून मुकुट घरी नेते, सकाळी बोंबाबोंब होते, परत ठेवायची हिंमत होत नाही. मग ती सगळ्यांसमोर उभी राहून कबूल करते. काका म्हणाले, "तसां पान बाईन परत कधी लिवल्यान नाय." पण पेटीत दोनशे एकतीस चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या एकशे साठांवर मार्थाचं नाव. मावशी रिक्षा करून छापखान्यात गेली. कागदाच्या गठ्ठ्यावर बसून दोन तासांत नवीन शेवट लिहिला. मोकळा कोण होता? पाणी मागणारा तो पोरगा.

म्हणजे मावशी, तू एकदा कबूल केलं होतंस. छापायलाही दिलं होतंस. मग एकशे साठ चिठ्ठ्यांना घाबरलीस आणि स्वतःच्या बहिणीचा मुलगा उचलून तिथे ठेवलास. मला वाचायला शिकवलं तूच. भजीच्या कागदावरची अक्षरं लावून दाखवायचो, तू खडीसाखर द्यायचीस. तू मला ओळखत नव्हतीस असंही नाही.

तू बहात्तर वर्षांची आहेस, दृष्टी गेली, लिहिणं थांबलं, आज निरोप आहे, हे मला माहीत आहे. लोक म्हणतील, म्हाताऱ्या बाईला भर सभेत असं करतात का? माझ्या बापाचा ढोल भर अंगणात फाडला होता. तो दिवसही रविवारच होता.

ॲमांडा, इथे थांब. माइक मावशीपुढे धर. एकच वाक्य हवंय, 'मुकुट ॲश्टनने घेतला नव्हता.' बाकी तिने काही सांगू नये, मी विचारणारही नाही. मनात साठपर्यंत मोज. खाडीत मला जास्तीचं ठेवलं होतं तेवढंच. एक मिनिट.

झाले साठ? बोलली असेल तर हा कागद घडी कर आणि तिच्या पाया पडून खाली बस. माझ्याकडूनही पड. गप्प राहिली असेल तर पुढचं वाच.

मंडळी, दाराशी टेबलावर गौरव आवृत्तीच्या चारशे प्रती ठेवल्या आहेत. आज एकही विकू नका. जयवंतकाकांशी माझं बोलणं झालंय. पुस्तकात चूक राहिली की प्रकाशक शुद्धिपत्र लावतात, तशी एक छोटी चिठ्ठी पान एकशे एकोणनव्वदवर चिकटवायची आहे. मजकूर असा. 'या पानावर गुन्हेगार म्हणून ट्रम्पेटवाल्या ॲशलीचे नाव आले आहे. त्याऐवजी', आणि पुढे कोरी जागा. त्या जागेत मी कुणाचंही नाव घातलेलं नाही. एका नावाने माणसाचं काय होतं, ते मला माहीत आहे. आणि आपल्या गावठाणातल्या वाचकांना चिठ्ठ्या टाकायची सवयच आहे. ती जुनी पत्र्याची पेटी ॲमांडाने घासून दाराशी ठेवली आहे, शेजारी पेन आहे. समोसे घ्यायला जाताना वाटेतच लागेल.

आपण मला बोलू दिलंत, म्हणजे माझ्या बहिणीच्या हातातून कागद ओढून घेतला नाहीत, याबद्दल अध्यक्षांचे, सण समितीचे आणि पप्पांचे मनापासून आभार. फादर, बोलण्यात कुठे मर्यादा सुटली असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर ते माझ्या न दिलेल्या दहावीच्या नावावर लिहा आणि माफ करा. मी शनिवारी येतोय.

समितीने परदेशातल्या हितचिंतकांकडे देणगी मागितली होती. मी ती थेट छापखान्यात पाठवतोय. चारशे चिठ्ठ्यांचा कागद, छपाई, डिंक आणि चिकटवणाऱ्या मुलीची दोन दिवसांची मजुरी मिळून, दोन हजार तीनशे चाळीस रुपये.